टाक्याचे रुपये

१ जुलै १९३४, रविवार

कार्डं छापून आली! पोस्टकार्डाएवढी, पिवळ्या पुठ्ठ्याची, वर आमच्या शेठजींच्या किराणा दुकानाचं नाव, खाली गिऱ्हाइकाचं नाव, गाव आणि उधारीची मर्यादा. मागच्या बाजूला सहा कलमं. सहाच्या सहा माझ्या डोक्यातून निघालेली. आजवर या गोंदियात उधारी म्हणजे लाल वही, मुनीमजींचं गिचमिड अक्षर आणि महिन्याच्या शेवटी भांडण. आता प्रत्येकाच्या हातात त्याचा हिशेब.

शेठ गुलाबचंदांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "केशोराव, ये ताश के पत्ते हमको समझते नहीं. डूबा तो?"

मी म्हटलं, "शेठजी, एकही कार्ड बुडणार नाही. माझी जबान."

मला कलम पाच आणि सहाचा विशेष अभिमान आहे. पाच : भरणा तीन वेळा परत गेल्यास कार्ड बंद. सहा : बंद झालेलं कार्ड पुन्हा उघडणार नाही आणि त्या घरातल्या दुसऱ्या माणसालाही मिळणार नाही. कारण लोक हुशार असतात, नवऱ्याचं बंद झालं की बायकोच्या नावाने येतील. मी त्यांच्यापेक्षा हुशार आहे.

हे सगळं नोंदून ठेवावं म्हणून आजपासून ही वही. दुकानातली पावसाने भिजलेली होती, शेठजींनी फुकट दिली.

४ जुलै

पहिलं कार्ड बाईचं. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, अनुसया. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तिनेच मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं. आता नागऱ्याला असते. महादेवाच्या देवळाच्या पायऱ्यांशी नारळ, बताशे, उदबत्ती, कापूर विकते. भाऊजी मनिराम धानाच्या गिरणीत हमाली करायचे, पण उन्हाळ्यात पोतं उचलताना पाठीत चमक भरली तेव्हापासून घरीच. म्हणजे सध्या त्या घरात बाईचंच दुकान.

आज ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. गळ्यात आईची रुपयांची माळ. राणीछाप अकरा रुपये, प्रत्येकाच्या काठाला कडी. चालली की छनछन वाजते. आईने मरताना तिच्या गळ्यात घातली, तेव्हापासून सणासुदीलाच बाहेर निघते. शेठजीसुद्धा गादीवरून पाहत राहिले. मला बरं वाटलं. आपलं माणूस दुकानात यावं तर असं यावं.

मी कार्ड नंबर एकवर तिचा अंगठा घेतला. मर्यादा सात रुपये.

"येवढुशा कागदावर माल भेटते?" ती म्हणाली.

"भेटते. पण महिन्याच्या महिन्याला भरणा द्यायचा. मी शेठजींना जबान दिली आहे."

"तुयी जबान म्हंजे मायीच झाली ना रे भाऊ," असं म्हणून तिने कार्ड कपाळाला लावलं आणि कनवटीला खोचलं. अडाणी आहे बिचारी. मला हसू आलं.

३१ जुलै

पगार झाला. अठराच्या जागी सतरा! मागच्या आठवड्यात मी गल्ल्यात एक टाक्याचा रुपया घेतला म्हणे. टाक्याचा म्हणजे दागिन्यातला. कडी काढली तरी काठावर डाग राहतो आणि सराफ तो रुपया म्हणून घेत नाही, चांदी म्हणून तोलतो. शेठजी म्हणाले, "आँखें कहाँ थी?" आणि रुपया कापला. एक रुपया! सबंध महिन्याची न्हाव्या-धोब्याची बेगमी गेली.

संध्याकाळी सायकल काढून सरळ नागऱ्याला गेलो आणि बाईपुढे मन मोकळं केलं. ती चुकचुकली. "तुया पगारातून कापला? कायले?" मी तिला सगळं समजावून सांगितलं आणि शपथ घेतली, यापुढे खुद्द देव जरी टाक्याचा रुपया घेऊन आला तरी परत पाठवीन. तिने मला आंबाडीची भाजी वाढली. आणखी एक भाकर घे म्हणत होती.

१३ ऑगस्ट

एकूण कार्डं तेवीस. पहिल्या महिन्याचे भरणे सगळे आले, बाईचासुद्धा. शेठजी आता कार्डाला ताश म्हणत नाहीत.

श्रावणाचा पहिला सोमवार म्हणून बाईने शनिवारीच बताशांचं अख्खं टोपलं आणि दोन डझन नारळ नेले. कार्ड जवळजवळ भरलं. आज मात्र सकाळपासून नुसती झड. देवळात चिटपाखरू नसेल.

२१ ऑगस्ट

दुसरा सोमवारही पाण्यात गेला. भाऊजी काठी टेकत दुकानाशी आले होते, म्हणाले, "बताशाचं त पानी झालं बापू. टोपलं उचललं त खालून सरबत गळून राहिलं होतं." सगळे हसले, भाऊजीही हसले. धंदा आहे, चालायचंच. श्रावणाचे दोन सोमवार अजून आहेत.

५ सप्टेंबर

आज एक अवघड प्रसंग पार पाडला आणि मनाला समाधान आहे.

बाई भरणा घेऊन आली. दोन रुपये. मी सवयीने काठावरून बोट फिरवलं तर दोन्ही टाक्याचे! राणीछाप, घासून घासून गुळगुळीत केलेले, पण डाग तो डागच. मी म्हटलं, "बाई, हे चालत नाहीत."

"काऊन? चांदीचेच त हायेत."

"चांदीचे आहेत, पण टाक्याचे आहेत. कोणी दिले तुला?"

ती जरा थांबली आणि म्हणाली, "बाजारात कोन कोन देते. आपल्याले काय मालूम?"

तरी मी सांगत होतो! जंगलाकडच्या बाया माळा मोडतात आणि भोळं माणूस पाहून त्याच्या गळ्यात मारतात. मी तिला तिथल्या तिथे दाखवलं, अंगठा असा फिरवायचा, असं उजेडात धरायचं. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, त्यांनाही शिकायला मिळालं. तिने मान हलवत ऐकून घेतलं. मग दोन्ही रुपये पदराच्या गाठीत परत बांधले. मी कार्डावर लिहिलं, भरणा परत, एक.

शेठजी गादीवरून पाहत होते. बहीण म्हणून मी सूट देतो का, हेच त्यांना पाहायचं होतं. पाहा म्हणावं.

बाईने पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घेतला होता. तिला बहुतेक सर्दी झाली आहे.

४ ऑक्टोबर

कमाल झाली या बाईची. पुन्हा दोन रुपये, पुन्हा टाक्याचे! तेच असतील म्हणून रागावलो तर म्हणते, "नाही रे, हे दुसरे हायेत. त्या दोघांईवर डाग मोठा होता, म्हून हे निवडून आनले. याच्यावर दिसत नाही ना?"

निवडून आणले म्हणे! माझ्या डोळ्यांत काय धूळ आहे? मी म्हटलं, "अग, शिकवलं ना तुला? अशी कशी तू फसतेस दर वेळी? उद्या कोणी पितळेचा देईल तर तोही घेशील." आवाज जरा चढला. तिने रुपये गोळा करून पदरात बांधले. भरणा परत, दोन.

जाताना दारात थांबून विचारलं, "शेठ तुले काही बोलून त नाही राहिला?" मी म्हटलं, माझी काळजी करू नको, कार्डाची कर.

नंतर वाईट वाटलं. पण वाईट वाटून कायदा चालत नाही.

३ नोव्हेंबर, शनिवार

बंद केलं.

आज बाई स्वतः आली नाही, भाऊजींच्या हाती तीन रुपये पाठवले. मी न पाहताच ओळखलं. तरी एक एक करून फरशीवर आपटले, काठ पाहिले. तिन्ही टाक्याचे. भाऊजींना म्हटलं, "कलम पाच. माझा नाइलाज आहे."

भाऊजी काउंटरला धरून उभे होते. पाठ दुखत असावी. म्हणाले, "केशोराव, कार्तिक पुन्नव आली. देवळात जत्रा भरते. तेवढा माल भेटला असता त तिचा सारा खड्डा भरून निघाला असता."

"भरणा आधी, माल मग."

"हा भरनाच त हाय बापू."

नियम म्हणजे नियम. कार्ड नंबर एकवर लाल शाईने आडवी रेघ मारली. शेठजींनी पाटी आणवली होती, 'बंद कार्ड' अशी. ती दुकानाच्या दर्शनी खांबाला लावायची, म्हणजे बाकीच्यांना वचक. पहिलं नाव मीच खडूने लिहिलं, वळणदार अक्षरात : नं. १, अनुसयाबाई, नागरा.

शेठजी चारचौघांत म्हणाले, "सगी बहन का कार्ड बंद किया इसने! ऐसा आदमी चाहिए दुकान को."

५ नोव्हेंबर

पाहा! कार्ड बंद केलं की पैसे कसे निघतात! भाऊजी आज सगळी बाकी चुकती करून गेले, सहा रुपये तीन आणे, नगद, सगळी नाणी स्वच्छ. म्हणजे घरात होतेच की पैसे. मग तीन महिने हा खेळ कशाला? भाऊजींना चहा घ्या म्हटलं तर त्यांनी घेतला नाही.

शेठजींनी या महिन्यापासून माझा पगार वीस केला. वीस! आनंद झाला. बाईला भाऊबीजेला सांगेन. दोन दिवस रागावेल, मग आपणच हसेल. एक जांभळं लुगडं घेतलं तिच्यासाठी, पावणेतीन रुपयांचं.

भाऊबीज

सायकलची चेन दोनदा पडली. दुपार झाली पोचायला.

बाईने जसं काही झालंच नाही तसं पाट मांडला, ओवाळलं. मी ताटात कोरा रुपया टाकला. तिने तो उचलला, अंगठा काठावरून फिरवला, उजेडात धरला आणि म्हणाली, "हा चालते ना रे भाऊ? नाही त वापस करतो."

मी खो खो हसलो. भाऊजी हसले नाहीत. ती ताट ठेवायला वाकली, पदर सरकला. गळ्यात काळी पोत, बाकी काही नाही.

मी विचारलं, "बाई, माळ कुठे आहे?"

"हाय ना. ठेवली."

"घाल की मग. आज नाही घालायची तर कधी?"

ती चुलीकडे वळली. आणि भाऊजी, जे आजवर माझ्याशी चढ्या आवाजात बोलले नाहीत, ते म्हणाले, "कायची माळ? तूच त तीनदा वापस केली ना!"

"तुमी चूप राहा," बाई म्हणाली. पण ते थांबले नाहीत. श्रावणात सगळा माल पाण्यात गेला. हातात काही राहिलं नाही. तेव्हा हिने माळेतले दोन रुपये सोडवले, कडी काढून दगडावर घासले. ते परत आले. मग बाकीच्यातून डाग लहान पाहून दोन निवडले. तेही परत आले. तिसऱ्या वेळी तीन. शेवटी कार्ड बंद झाल्यावर चुन्नीलाल सराफाकडे अकराच्या अकरा तोलून आली. नऊ आणे भाव मिळाला एकेकाला.

नऊ गुणिले अकरा. मी तिथेच, पाटावर बसून, मनात केला तो हिशेब. नव्याण्णव आणे. सहा रुपये तीन आणे.

माझ्या आईच्या गळ्यातले रुपये मी फरशीवर आपटून पाहिले. अंगठा कसा फिरवायचा ते तिला पाच गिऱ्हाइकांसमोर शिकवलं. राणीछाप पाहिले, टाके पाहिले, गळ्याशी धरलेला पदरसुद्धा पाहिला आणि सर्दी म्हणून लिहून ठेवलं. मी आता मागची पानं वाचून आलो. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मी ओरडलोच, "मला सांगितलं का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर!"

"सांगतलं असतं त तू घेतले असते," ती म्हणाली. "मंग शेठनं तुया पगारातून कापले असते. पयलेच त एक कापला होता."

"मग भरणा द्यायचाच नव्हता! राहू द्यायचं होतं एक महिना!"

"वा रे! आन् तुयी जबान? एकही कार्ड बुडनार नाही म्हनला होता ना शेठले. मंग पयलंच नंबर बहिनीचं बुडलं असतं त लोकं काय म्हनले असते तुले?"

करंज्या केल्या होत्या तिने. मी किती खाल्ल्या आठवत नाही. पगार वाढल्याचं सांगणं झालं नाही. लुगडं देऊन आलो. तिने रंग चांगला आहे म्हटलं.

१२ नोव्हेंबर

सकाळी चुन्नीलालकडे गेलो. म्हटलं, नऊ आण्याने घेतलेत, मी रुपयाने घेतो, सव्वा रुपयाने घेतो, ते अकरा मला द्या. तो कान कोरत म्हणाला, "अरे भाई, वो तो कबके गल गए. दिवाली का माल था, कड़े बन गए." कोणाला विकले, तेही त्याला सांगता येईना. कोणाच्या तरी पायात असतील.

तिथून शेठजींकडे. आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. म्हटलं, नंबर एकची बाकी पूर्ण आली आहे, पुनवेची जत्रा तोंडावर आहे, ते कार्ड उघडू द्या, मी जामीन राहतो.

शेठजींनी चष्मा लावला, पिवळं कार्ड घेतलं, मागची बाजू माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "छह नंबर पढ़ो."

मी वाचलं.

"किसने लिखा?"

"मी."

"तो?"

ते चिडले नव्हते. खरंच विचारत होते. आज तिच्यासाठी मोडलं तर उद्या अडतीस जण उभे राहतील, हेही बरोबरच होतं. मीच त्यांना चार महिने हे शिकवलं होतं. आधी वहीच्या काळात ते म्हणायचे, 'रहने दो, बाई है, अगले महीने देगी.' ते म्हणणं मी बंद करवलं.

मी रोख पैसे देऊन माल घ्यायचं ठरवलं. लुगड्यात आणि दिवाळीत पगार संपला होता. उचल मागितली, पाच रुपये मिळाले.

१८ नोव्हेंबर, रविवार

एक टोपलं बताशे, एक डझन नारळ, कापूर, उदबत्ती सायकलला बांधून नागऱ्याला नेलं. वाटेत ठरवत होतो काय बोलायचं ते. आधी पाया पडायचं. मग माल द्यायचा. मग सांगायचं की मी त्या दुकानाला लाथ मारून आलो.

देवळाशी पायऱ्यांजवळ, बाईच्या जागी, दुसरीच बाई बसली होती. जमुनाबाई. नारळ ओळीने मांडलेले, बताशांवर ओला फडका, सगळं टापटीप. मला पाहून तिने नमस्कार केला, "केशोराव, माल लय चांगला देल्ला तुमी." कार्ड नंबर एकतीस. ऑक्टोबरात मीच दिलं होतं. गाव नागरा लिहिताना मला काही सुचलं नव्हतं. रिकाम्या जागेवर कोणीतरी बसणारच, तिचा काय दोष?

बाई घरी ओट्यावर बसून बिड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात पानं. अजून हात बसलेला नाही तिचा. शेजारी पडलेल्या बिड्यांत अर्ध्या वाकड्या होत्या.

"कायले आनलं एवढं?" टोपलं पाहून ती म्हणाली. "जागा कोठी हाय बसाले?"

मी म्हटलं, "बाई, मी जमुनाबाईचं कार्ड बंद करवतो."

तेव्हा तिने वर पाहिलं. "तिच्या घरी तीन लेकरं हायेत. तिनं तुयं काय घेतलं?"

मग एका दमात सगळं बोललो. की माझ्यामुळे झालं, माझे डोळे फुटले होते, मला त्या खांबाखाली बसवत नाही, उद्या शेठजींच्या तोंडावर किल्ल्या फेकून येतो, गिरणीत हमाली करीन पण त्या दुकानात पाऊल ठेवणार नाही.

मला वाटलं ती रडेल, जवळ घेईल. लहानपणी घ्यायची तशी. तिने सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. आई गेल्यावरही नाही.

"नोकरी सोडशील?" ती म्हणाली. "मायी अकरा रुपयाची माळ गेली, बसाची जागा गेली, पाटीवर नाव लागलं, ते सारं त्या नोकरीसाठी. आन् तू सोडशील? तुले लाज लागली म्हून? मंग मी कायच्यासाठी केलं रे ते?"

मी सुपातल्या पानांकडे पाहिलं.

"बोल ना. कायच्यासाठी?"

भाऊजी आतून म्हणाले, "जाऊ दे ना आता." पण ती माझ्याकडेच पाहत होती.

मी म्हटलं, "नाही सोडत."

"मायी शपथ घे."

घेतली. मग पगार वाढल्याचंही सांगून टाकलं, कारण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. वीस झाला, तुझं कार्ड बंद केलं त्याच महिन्यापासून, असं तोंडाने म्हटलं. तिने सूप परत मांडीवर घेतलं. थोडा वेळ पान कातरत राहिली.

"वीस झाला? मंग चांगलं झालं," ती म्हणाली. आणि ती मनापासून म्हणत होती, तेच मला सोसवलं नाही.

पाया पडलो तर पाय ओढून घेतले, हाताला तंबाखू आहे म्हणाली.

१९ नोव्हेंबर

आठ वाजता दुकान उघडलं. कार्ड नंबर चाळीस दिलं, गोरेगावच्या एका माणसाला. त्याने विचारलं, खांबावर हे पहिलं नाव कोणाचं? मी म्हटलं, माझ्या बहिणीचं. त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे. तो हसला आणि कार्ड घेऊन गेला.